१८१८ नंतरचे शाहीर : कालखंडविभागणीचा एक प्रश्न

मराठी वाङ्मयेतिहासात १८१८ हे साल जितक्या निःशंकपणे वापरले जाते, तितक्या निःशंकपणे दुसरे कोणतेही साल वापरले जात नसेल. त्याच्या पलीकडे प्राचीन वाङ्मय, अलीकडे अर्वाचीन. आपल्या विद्यापीठांतील अभ्यासपत्रिका बहुधा याच रेषेवर दुभंगलेल्या असतात; प्राचीनाचा प्राध्यापक वेगळा, अर्वाचीनाचा वेगळा, आणि परीक्षेतही एकाच्या प्रश्नात दुसऱ्याने डोकावू नये असा अलिखित संकेत. काही वर्षांपूर्वी एम. ए. च्या वर्गात मी एक साधा प्रयोग केला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लेखक-कवींच्या जन्ममृत्यूंची वर्षे विद्यार्थ्यांना फळ्यावर एकाखाली एक मांडायला सांगितली. तासाच्या शेवटी फळ्यावर जे चित्र उभे राहिले त्यात १८१८ ची रेषा नेमकी कोठे ओढावी हे कोणालाच सांगता येईना. प्रस्तुत लेखातील विचाराची सुरुवात त्या फळ्यापासून झाली.

राजकीय इतिहासापुरते पाहिले तर ही रेषा समजण्याजोगी आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली व पुण्यात इंग्रजांचे निशाण लागले. फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टी येथे बापू गोखले पडले. जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. परंतु हा सारा पुण्याचा इतिहास आहे. सातारकरांच्या दृष्टीने १८१८ हे साल अस्ताचे नसून प्रतापसिंह महाराजांच्या पुनःस्थापनेचे आहे. ते राज्य १८४८ पर्यंत टिकले. नागपूर १८५३ मध्ये भोसल्यांचा वंश खुंटल्याचे निमित्त होऊन गेले. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर येथील दरबार तर पुढेही चालूच राहिले. खुद्द बाजीराव ब्रह्मावर्तास सालीना आठ लाखांच्या तनख्यावर १८५१ पर्यंत जगला. पेशवाई संपल्यावर पेशवा तेहेतीस वर्षे हयात होता, ही गोष्ट आपण सहसा विसरतो.

महाराष्ट्र साहित्य परिषदेच्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा रा. श्री. जोग यांनी संपादिलेला चौथा खंड १८०० ते १८७४ असा कालखंड घेतो, हे म्हणूनच अधिक विचारपूर्वक वाटते. १८७४ म्हणजे 'निबंधमाले'चा प्रारंभ. १८०० या सालाला दुहेरी अर्थ आहे. त्या वर्षी मार्चमध्ये पुण्यात नाना फडणीस वारले. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूरचे मिशन व त्याचा छापखाना सुरू झाला आणि कलकत्त्यास फोर्ट विल्यम कॉलेज स्थापन झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण मराठी छपाईचा उगम दुसऱ्या घटनेत आहे, पहिलीत नाही. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापले गेले. मोडी अक्षरांतील कोश १८१० मध्ये निघाला. या कामात कॅरीला वैजनाथ शर्मा या पंडितांचे साहाय्य होते. इकडे तंजावरास सरफोजीराजांनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवालयात भोसले वंशाचे चरित्र मराठीत शिलांकित करवले आणि १८०६ मध्ये इसापच्या कथांचे मराठी रूपांतर 'बाळबोधमुक्तावली' तेथेच छापून घेतले. शिळेवर कोरणे आणि कागदावर छापणे या दोन्ही क्रिया एकाच राजाने अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने कराव्यात, यावर अधिक लिहिले जायला हवे होते असे मला वाटते. येथे मुद्दा इतकाच, की बाजीराव गादीवर असतानाच मराठी ग्रंथ छापला गेला होता, आणि तो महाराष्ट्राबाहेर छापला गेला होता. मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी छपाई सुरू केली तीही १८१७ मध्ये, म्हणजे खडकीच्या लढाईच्या वर्षी.

आता मृत्यूंकडे वळू. अनंत फंदी १८१९ मध्ये वारले. ते मात्र रेषेच्या आसपास नीट बसतात. प्रभाकर १८४३ मध्ये गेले. होनाजी आणि परशराम यांच्या मृत्यूचे साल १८४४ मानले जाते. (कोशांतून या दोघांच्याही जन्माचे साल १७५४ असेच दिलेले आढळते. एक गवळी, एक शिंपी. दोघांचा जन्म एका वर्षी आणि मृत्यूही एका वर्षी, हा योगायोग संशय घेण्याजोगा आहे. परंतु ज्यांची नोंद कोणत्याही दप्तरात झाली नाही त्यांच्या सनावळ्या अशाच, स्मरणाच्या आधाराने ठरतात.) म्हणजे ज्यांना आपण 'पेशवेकालीन शाहीर' म्हणून पेशवाईबरोबर निकालात काढतो त्यांतले तिघे प्रमुख कवी कंपनी सरकारच्या राज्यात सुमारे पंचवीस वर्षे जगले. या पंचवीस वर्षांत ते गात नव्हते काय? त्यांचे फड बंद पडले होते काय? वाङ्मयेतिहास याबद्दल मौन पाळतो. कारण त्या वर्षांची पाने मोल्सवर्थचा कोश (१८३१), 'दर्पण' (१८३२) आणि शालोपयोगी पुस्तके यांनी आधीच भरून गेलेली असतात.

जन्मांची यादी याच काळाला दुसऱ्या बाजूने भिडते. दादोबा पांडुरंग १८१४, भाऊ महाजन १८१५, लोकहितवादी १८२३, कृष्णशास्त्री चिपळूणकर १८२४, जोतीराव फुले १८२७, सावित्रीबाई १८३१. लोकहितवादींचे वडील बापू गोखल्यांच्या पदरी फडणीस होते. आष्टीच्या रणानंतर पाच वर्षांनी त्यांच्या घरी जन्मलेल्या मुलाने पुढे बाजीरावाच्या राजवटीवर किती कठोर लिहिले, हे शतपत्रांच्या वाचकांना सांगायला नको. ही पत्रे १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात आली. हे साप्ताहिक १८४१ मध्ये मुंबईत निघाले तेव्हा शाहीर प्रभाकर हयात होते. नावाचे साम्य केवळ आकस्मिक आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. तरी ही दोन नावे आपल्या मनात एकत्र येतच नाहीत, याचे कारण आपण त्यांना दोन वेगळ्या पेपरांत शिकवतो.

बाळशास्त्री जांभेकरांचे उदाहरण सर्वांत बोलके. त्यांच्या जन्माचे वर्ष १८१० की १८१२ याविषयी अभ्यासकांत मतभेद आहे, आणि ६ जानेवारी हा 'दर्पण'चा प्रारंभदिन पुष्कळ ठिकाणी त्यांचा जन्मदिन म्हणूनच साजरा होतो. पत्राच्या जन्मतारखेने संपादकाची जन्मतारीख गिळून टाकली! मुद्रणाची सत्ता म्हणतात ती हीच. १७ मे १८४६ रोजी बाळशास्त्री वारले तेव्हा होनाजींना जाऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती. आद्य अर्वाचीन आणि अखेरचे प्राचीन यांच्या मृत्यूंत एवढेच अंतर आहे. अर्न्स्ट ब्लॉख या जर्मन विचारवंताने १९३० च्या दशकात अशी कल्पना मांडली की एकाच वर्तमानात राहणारी सर्व माणसे एकाच काळात राहत नसतात. ती कल्पना येथे उपयोगी आहे, पण एका बेताने. होनाजी मागल्या काळात राहत होते आणि बाळशास्त्री पुढल्या, असे म्हटले की आपण पुन्हा त्याच रेषेवर येऊन उभे राहतो. बाळशास्त्रींनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरी छापून प्रसिद्ध केली. परशुरामपंत तात्या गोडबोले यांचे 'नवनीत' १८५४ मध्ये आले. 'प्राचीन मराठी कविता' या नावाने आपण जे ओळखतो त्याचे छापील, निवडक, शाळेत शिकवण्याजोगे रूप अर्वाचीनांनीच घडवले. प्राचीन हे अर्वाचीनाच्या आधी येत असले तरी त्याची व्याख्या नंतर झाली.

आश्रयाचीही तीच गत. पेशव्यांची दक्षिणा एल्फिन्स्टनने मोडली नाही, तिला वेगळे वळण दिले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात, बाजीरावाने बांधलेल्या त्याच वाड्यात, संस्कृत पाठशाळा उघडली. पुढे पुण्यातील तरुण मंडळींनी ही रक्कम मराठी ग्रंथांसाठी वापरावी अशी मागणी केली आणि १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत ग्रंथांना पारितोषिके मिळू लागली. ब्राह्मणभोजनाचा व शास्त्रार्थाचा पैसा असा छापील गद्याकडे वळला. त्यातून अनेक उपयुक्त पुस्तके झाली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पैशाचा ओघ बदलला म्हणून तो वाटणाऱ्यांची दृष्टीही बदलली, असे गृहीत धरणे घाईचे होईल. होनाजी गेले तेव्हा सतरा वर्षांचे असलेले जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजीमहाराजांवर लिहिले ते पोवाड्याच्या रूपात. आपल्याकडे ज्याला १८१८ बरोबर संपलेला प्रकार मानतात त्याच प्रकारात. त्याआधी १८५५ मध्ये त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवले होते. कमिटीने ते स्वीकारले नाही. हस्तलिखितात राहिलेले ते नाटक छापून वाचकांसमोर आले ते १९७९ मध्ये, म्हणजे साहित्य परिषदेचा तो चौथा खंड प्रसिद्ध होऊन चौदा वर्षे झाल्यानंतर.