नक्की?

आमचा रविवारचा खेळ उमरोळीत चालतो. पालघर आणि बोईसर यांच्या मधलं स्टेशन. डहाणू लोकल थांबते, लांब पल्ल्याच्या गाड्या न थांबता निघून जातात. स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एका मित्राची भाड्याची वन बीएचके आहे. पाच जण, एक प्लास्टिकचं टेबल, ऑनलाइन मागवलेले वीस बाजूंचे फासे आणि चहा. दोघं तारापूर एमआयडीसीत कामाला आहेत, त्यामुळे खेळाची वेळ त्यांच्या शिफ्टवर ठरते.

खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, थोडक्यात डीएनडी. 'स्ट्रेंजर थिंग्ज' पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी : प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि ते काय करतंय हे बोलून सांगायचं. जमलं की फसलं हे फासा ठरवतो. गोष्ट पुढे नेणारा तो डीएम. भातुकलीचं सारीपाटाशी लग्न लावलं तर साधारण असंच काहीतरी होईल. आमच्यात डीएम मी असतो.

'मागच्या वेळी नेमकं काय झालं होतं' यावरून भांडणं व्हायला लागली म्हणून मी फोनवर खेळ रेकॉर्ड करायला लागलो. एका रात्री कानात इअरफोन घालून ते ऐकत पडलो होतो. आमच्यातली एकुलती एक मुलगी कुऱ्हाडवाली, बुटकी योद्धा खेळते. ती म्हणते, "मी दार फोडते." त्यावर माझा आवाज येतो, "नक्की?" थोड्या वेळाने एक मित्र म्हणतो, "मी पुलावरून खाली उडी मारतो." हा तर सरळसरळ आत्महत्येचा बेत. माझा आवाज : "रोल कर." पुन्हा ती. पुन्हा "नक्की?" काही वेळाने मी मोजायचं सोडून दिलं.

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. मी स्वतःला बऱ्यापैकी समजूतदार मुलगा समजतो. तिला कमी लेखायचं असं मनात कधीच नव्हतं. मग हा "नक्की?" आला कुठून?

डीएनडीचे पूर्वज म्हणजे टेबलावरची खोटी युद्धं. एच. जी. वेल्सने 1913 साली 'लिटल वॉर्स' नावाचं खेळण्यातल्या शिपायांच्या लढायांचं नियमपुस्तक लिहिलं. हा खेळ बारा ते दीडशे वर्षांच्या मुलांसाठी आहे, आणि मुलांचे खेळ नि पुस्तकं आवडणाऱ्या जरा हुशार मुलींसाठीही, अशा अर्थाचं त्याचं उपशीर्षक आहे. विनोदच आहे, पण दारावर कोण उभं आहे ते त्यातून कळतं. 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी डीएनडी काढलं. एका खोक्यात तीन पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. त्यातल्या योद्ध्याच्या वर्गाचं नावच होतं 'फायटिंग मॅन'.

दोन वर्षांनी, ऑक्टोबर 1976 मध्ये, 'द ड्रॅगन' मासिकात लेन लाकोफ्का यांचा लेख आला. बायकांची पात्रं खेळात कशी आणावीत, हा विषय. हेतू बायकांना सामावून घेण्याचाच होता. उपाय काय, तर त्यांच्या पात्रांना व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाऐवजी 'सौंदर्य' मोजणारा आकडा द्यायचा, आणि भुरळ पाडायचे मंत्र. 1978 च्या अधिकृत 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तर तक्ताच छापला गेला. माणूस-पुरुषाची ताकद जास्तीत जास्त 18/00, माणूस-स्त्रीची 18/50. एल्फ-स्त्रीची 16 वरच थांबायची. ज्या जगात माणसं हातातून आगीचे गोळे फेकतात, तिथे जोरात दार फोडणारी बाई मात्र अवास्तव वाटत होती.

याच वर्षांत आपल्याकडे दुसऱ्या एका टेबलावर काय चाललं होतं तेही बघण्यासारखं आहे. 1974 सालीच महिलांची पहिली राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली. 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांची ही मुलगी. धाकट्या बहिणी जयश्री आणि रोहिणी. रोहिणीने पुढे एकटीनेच हा किताब पाच वेळा घेतला आणि 1981 मध्ये ती आशियाई विजेती झाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते 1976, म्हणजे लाकोफ्कांच्या लेखाचंच वर्ष. त्या वर्षी तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली. केवढा गदारोळ झाला! प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. शेवटी जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे, जे स्वतः माजी जगज्जेते होते, त्यांनी निर्णय दिला की स्त्रियांना राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धांत मज्जाव करता येणार नाही.

जाता जाता एक गंमत. या बहिणींचे पणजोबा म्हणजे नाटककार काकासाहेब खाडिलकर. त्यांच्या 1911 च्या 'मानापमान'मधली भामिनी बालगंधर्वांनी केली होती. पुरुषाने बाई व्हावं, तिच्यासारखं चालावं-बोलावं आणि प्रेक्षकांनी वेडं व्हावं, यात कुणाला काही खटकलं नाही. आमच्या टेबलावरही एक मित्र एल्फ राणी खेळतो, अगदी आवाज बदलून. आम्ही टाळ्या देतो. रेकॉर्डिंगमध्ये त्याला मी एकदाही "नक्की?" विचारलेलं नाही.

लिहिलेल्या नियमाचं एक बरं असतं, तो दाखवता येतो. बुद्धिबळात मज्जाव झाला, त्याविरुद्ध दाद मागता आली. डीएनडीचा ताकदीचा तक्ता 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीतून गेला. आज आम्ही वापरतो त्या पुस्तकात स्त्री-पुरुष असा एका आकड्याचाही फरक नाही. माझा "नक्की?" कुठल्याच पुस्तकात नाही, मग त्याविरुद्ध ती अपील कुठे करणार?

आणि तो निरुपद्रवीही नाही. 2008 मध्ये ॲन मास आणि सहकाऱ्यांनी इटलीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. समान ताकदीच्या बुद्धिबळपटूंच्या 42 जोड्या, प्रत्येकीत एक स्त्री, एक पुरुष, खेळ इंटरनेटवर. समोर कोण आहे हे माहीत नसताना बायका पुरुषांच्या तोडीस तोड खेळल्या. समोर पुरुष आहे हे कळलं आणि बायका बुद्धिबळात मागे असतात हा समज जागा केला गेला, की त्यांचा खेळ एकदम घसरला. समोर बाई आहे असं खोटंच सांगितलं, तर पुन्हा बरोबरी. म्हणजे पट तोच आणि खेळणारीही तीच होती. समोरचा आपल्याबद्दल काय धरून चाललाय, हे ओझं तेवढं वाढलं होतं.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथली स्पर्धा संपल्यावर इन्स्टाग्रामवर लिहिलं होतं की प्रेक्षक तिचे कपडे, केस, उच्चार यांवर बोलत राहतात, खेळावर नाही. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. पुढच्याच वर्षी जुलैत बातुमीला कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. पण ती जिंकली म्हणून तिचं म्हणणं खरं ठरलं असं नाही. हरली असती तरी ते खरंच होतं. आपण मात्र विश्वचषकानंतर तिचं जास्त लक्ष देऊन ऐकतो, हेही त्याच आजाराचं लक्षण असावं.

पुढच्या रविवारी मी ग्रुपला रेकॉर्डिंगचे तुकडे ऐकवले. आधी सगळे हसले, मग जरा शांतता. एल्फ राणी म्हणाली, "अरे, आपण पहिल्याच दिवशी तिला हीलर घे म्हणत होतो." खरंच म्हणत होतो, तिघंजण. जखमा बांधणारी, मागे उभी राहणारी. तिने कुऱ्हाड निवडली तेव्हा आम्हाला ते फार गोड वाटलं होतं.

ती मात्र वेगळ्याच कारणाने गप्प होती. म्हणाली, "मला वाटलं तो नियमच आहे. धोक्याचं काही करायच्या आधी डीएम विचारतो, असं. म्हणून मी कितीतरी गोष्टी सोडून दिल्या."

मला काय बोलावं कळेना. चहा गार झाला होता, तो पुन्हा गरम करायला ठेवला. मग खेळ सुरू केला. समोर तळघराचं लोखंडी दार.

"मी फोडते," ती म्हणाली.

"रोल कर."

तीन पडले. दार फुटलं नाही, कुऱ्हाड फटीत अडकली, आणि आतले गोब्लिन जागे झाले.