पिव्हट (दरवाजा)

पिव्हट हा दरवाजाच्या फळीला वर आणि खाली आधार देऊन तिला एका उभ्या आसाभोवती फिरू देणारा भाग आहे. बिजागरी फळीचे वजन चौकटीच्या उभ्या बाजूवर टाकते, तर पिव्हटवरील फळीचे वजन मुख्यतः जमिनीवर उतरते. त्यामुळे दुकाने, बँका, रुग्णालये, कार्यालये व चित्रपटगृहे येथील जड आणि सतत वापरात असणाऱ्या दारांना, विशेषतः काचेच्या दारांना, पिव्हट बसवले जातात. पिव्हट झिजला की दार खाली बसते किंवा कलते. झीज दुर्लक्षित राहिल्यास दार जागेवरून निसटून अपघात होऊ शकतो.

रचना व कार्य

पिव्हटच्या संचात किमान दोन भाग असतात. खालचा पिव्हट फळीचे संपूर्ण वजन पेलतो. वरचा पिव्हट वजन घेत नाही. तो फळीला उभ्या रेषेत धरून ठेवतो आणि तिचा आडवा ओढा सोसतो. उंच किंवा फार जड दारांना मध्ये आणखी एक पिव्हट जोडतात.

१२ मिलिमीटर जाडीच्या काचेचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३० किलोग्रॅम असते. म्हणून ९०० मिलिमीटर रुंद व २१०० मिलिमीटर उंच अशा काचेच्या दाराचे वजन सुमारे ५७ किलोग्रॅम भरते. हे वजन आसापासून दूर असल्याने वरच्या पिव्हटवर सुमारे १० ते १२ किलोग्रॅम इतका आडवा ओढा सतत राहतो. उंची तीच ठेवून दाराची रुंदी दुप्पट केल्यास वजनही दुप्पट होते आणि त्याचे आसापासूनचे अंतरही; परिणामी हा ओढा चौपट होतो. रुंद दारांचे पिव्हट लवकर झिजण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

प्रकार

* मध्यवर्ती पिव्हट : यात आस फळीच्या जाडीच्या मधोमध असतो. दार दोन्ही बाजूंना उघडू शकते.
* बाह्य पिव्हट : यात आस फळीच्या पृष्ठभागाबाहेर असतो व दार एकाच बाजूला उघडते. अमेरिकेत आसाचे हे अंतर बहुधा १९ मिलिमीटर (पाऊण इंच) ठेवतात.
* फ्लोअर स्प्रिंग : जमिनीत पुरलेल्या पेटीत स्प्रिंग व तेल असलेली ही यंत्रणा खालच्या पिव्हटचे काम करते आणि दार आपोआप बंदही करते. भारतात काचेच्या दारांसाठी हा प्रकार सर्वाधिक परिचित आहे. त्यासाठी आयएस ६३१५ हे भारतीय मानक आहे.

इतिहास

पिव्हटवर फिरणारी दारे बिजागरीच्या दारांपेक्षा प्राचीन मानली जातात. मेसोपोटेमियातील लगश नगराचा शासक गुडिया (इ.स.पू. सुमारे २१००) याचे लेख कोरलेले, दाराच्या खुंटासाठी खोबण असलेले दगड उपलब्ध आहेत. अश्शूरचा राजा तिसरा शाल्मनेसर (इ.स.पू. नववे शतक) याच्या बलावत येथील दारांवरील कांस्यपट्ट्या ब्रिटिश संग्रहालयात आहेत, ती भव्य दारेही अशाच खुंटांवर फिरत असत.

महाराष्ट्रात अजिंठा येथील विहारांतील भिक्षूंच्या खोल्यांना लाकडी दारांच्या खुंटांसाठी कोरलेल्या खोबणी दिसतात. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक (१९२८–२०१९) यांनी या खोबणींच्या बदलत गेलेल्या रचनेचा उपयोग लेण्यांचा कालानुक्रम ठरवताना केला. जुन्या वाड्यांच्या व किल्ल्यांच्या दारांतही फळीला जोडून काढलेले कुसू उंबरठ्याच्या आणि वरच्या पट्टीच्या खोबणीत बसवलेले आढळते.

झिजेची कारणे

वजन व वापराची वारंवारता यांखेरीज पुढील कारणांनी झीज वाढते :

* जमीन धुताना खालच्या पिव्हटमध्ये पाणी व साबण शिरून चढणारा गंज
* उंबरठ्याशी साचणारी वाळू व धूळ
* दार मर्यादेपलीकडे ढकलले जाणे, किंवा त्याला अटकाव नसणे
* वाऱ्याच्या झोताने दार आपटणे
* वरचा व खालचा पिव्हट एका ओळंब्यात नसणे

शेवटचे कारण बसवतानाच्या चुकीतून उद्भवते. दोन्ही पिव्हट एका उभ्या रेषेत नसतील तर दर वेळी दार फिरताना त्यांवर वाकडा ताण येतो. अशा ठिकाणी नवा पिव्हटही थोड्याच काळात निकामी होतो.

लक्षणे व निदान

दाराच्या कडेभोवतीची फट पाहून कोणता पिव्हट झिजला आहे, हे बहुतेक वेळा ओळखता येते. खालचा पिव्हट झिजल्यास संपूर्ण फळी सारख्या प्रमाणात खाली येते. वरची फट सर्वत्र वाढते आणि खालची कमी होते. वरचा पिव्हट झिजल्यास फळी कलते. वर उल्लेखिलेल्या मापाच्या दारात वर ३ मिलिमीटर ढिलेपणा आला, तर मुठीकडील वरचा कोपरा तेवढाच बाहेर सरकतो आणि त्याच बाजूचा खालचा कोपरा सुमारे सव्वा मिलिमीटर खाली येतो. कुलपाची जीभ समोरच्या खाचेत न बसणे हे बहुधा पहिले लक्षण असते. फिरताना करकर आवाज होणे, पिव्हटखाली धातूची काळी भुकटी साचणे आणि बंद दार मुठीशी धरून हलवल्यास ते वरच्या बाजूला डुगडुगणे ही आणखी लक्षणे होत.

दार जमिनीला घासू लागल्यावर फळीला खालून रंधा मारणे किंवा कुलपाची खाच कानसून रुंद करणे असे उपाय सर्रास केले जातात. त्यांनी घासणे तेवढे थांबते; झीज चालूच राहते. पुढे योग्य पिव्हट बसवून फळी मूळ उंचीवर आली की खालची फट कायमची मोठी राहते. टफन्ड काचेच्या बाबतीत हा पर्यायही नसतो, कारण अशी काच तयार झाल्यानंतर कापता, घासता किंवा भोकता येत नाही. तिची कड लादीवर वा धातूवर आदळल्यास संपूर्ण काच फुटू शकते.

दुरुस्ती की बदल

स्क्रू सैल झाला असेल, आटे गेले असतील किंवा जमिनीतील पेटीभोवतीचे सिमेंट निखळले असेल, तर दुरुस्ती पुरेशी ठरते. ॲल्युमिनियमच्या चौकटीत आटे गेल्यास आतून पोलादी पट्टी देऊन नवे आटे पाडतात; केवळ जाड स्क्रू ठोकणे टिकाऊ ठरत नाही. पिन, बेअरिंग किंवा खोबण झिजली असेल तर तो भाग बदलावा लागतो. झिजलेल्या खोबणीत चकत्या घातल्याने उंची मिळते, पण आडवा ढिलेपणा जात नाही. दोन्ही पिव्हट सारखेच जुने असल्यास ते एकत्र बदलणे इष्ट मानले जाते. फ्लोअर स्प्रिंगमधून तेल गळत असल्यास सामान्यतः संपूर्ण यंत्रणा बदलतात.

बदलण्याची पद्धत

नवा पिव्हट निवडताना दाराचे वजन व रुंदी, उघडण्याची बाजू, आसाचे अंतर आणि खालच्या दांड्याचा आकार व लांबी जुळवून पाहतात. जुन्या लादीवर नवी बसवली असल्यास अधिक लांब दांडा लागतो.

प्रथम रहदारी थांबवून फळीखाली पाचरी देतात. त्यानंतर वरची पिन स्क्रूने मागे घेतात किंवा काचेच्या दाराचे वरचे पॅच सैल करतात, आणि फळी कलती करून खालच्या दांड्यावरून उचलतात. या कामास किमान दोन माणसे लागतात. काच उचलण्यासाठी सक्शन कप वापरतात. खोबण साफ केल्यावर ओळंबा सोडून वरच्या व खालच्या केंद्रांची रेषा तपासतात, पाणसळीने पेटीची पातळी पाहतात आणि मगच नवे भाग घट्ट करतात. दार पुन्हा चढवल्यावर वरची पिन पूर्ण बसल्याची खात्री केली जाते. ही पिन अर्धवट बसणे हा सर्वांत धोकादायक दोष होय. तिच्यावरच फळी उभी राहणे अवलंबून असते. अखेरीस फटी, बंद होण्याचा वेग आणि कुलूप तपासतात.

सुरक्षितता व देखभाल

भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार (२०१६) बाहेर पडण्याच्या मार्गावरील दार आतून किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे. पिव्हट बसल्याने जमिनीत अडकलेले दार हा उद्देश निष्फळ करते. अग्निरोधक दाराची चाचणी त्याच्या जोडणीच्या साहित्यासह होत असल्याने तेथे मान्यताप्राप्त पिव्हटच बसवावा लागतो.

नियमित देखभालीत कचरा काढणे, स्क्रू तपासणे, फटी मोजणे आणि उत्पादकाने सांगितले असल्यास वंगण देणे यांचा समावेश होतो. डुगडुगणारे काचेचे दार दुरुस्त होईपर्यंत वापरातून बाहेर ठेवले जाते.

हेही पाहा

* बिजागरी
* दार
* चौकट
* टफन्ड काच