मागच्या दोन सीटांची गोष्ट

गेले तीन शनिवार एकाच कामात गेले. सेकंडहँड गाडी बघणे. आता तुम्ही म्हणाल, त्यात लेख लिहिण्यासारखं काय आहे? साधी गाडी असती तर नव्हतंच. पण डोक्यात किडा शिरलाय तो ग्रँड टूररचा, म्हणजे जी.टी.चा. लांब बॉनेट, मोठं इंजिन, दोन दारं आणि चार माणसांना जागा. इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ ऑनसाइट म्हणून आलो, त्याला आता बरीच वर्षं झाली. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. दोन सीटची स्पोर्ट्स कार आणायची तर मुलांना घरी ठेवावं लागेल, आणि बायकोने स्पष्ट सांगितलंय की तशी वेळ आली तर घरी मी राहायचं. म्हणून चार सीट.

तर झालं असं की २००५ सालची बेंटली कॉन्टिनेंटल जी.टी. विकायला असल्याची जाहिरात दिसली. २००३ मध्ये ही गाडी बाजारात आली तेव्हा किंमत साधारण १,१०,००० पाउंड होती. सहा लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन, दोन टर्बो, ५५२ अश्वशक्ती. आज ती नव्या छोट्या हॅचबॅकच्या पैशात मिळते! आमच्याकडे तेवढे पैसे आहेत. फक्त ते घराला मागे एक खोली वाढवायची म्हणून बाजूला टाकलेले आहेत.

"एवढी स्वस्त का आहे रे?" बायकोने विचारलं. मला उत्तर आलं नाही. मग नेहमीप्रमाणे वीकेंडला वाचत बसलो, आणि उत्तर थेट सत्तर वर्षं मागे जाऊन मिळालं.

आधी नावाची गोष्ट. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या बड्या घरातली मुलं शिक्षण संपलं की युरोप बघायला निघायची. पॅरिस, आल्प्स ओलांडून फ्लोरेन्स, मग रोम. या प्रवासाला 'ग्रँड टूर' म्हणायचे. पुढे घोडागाडीची मोटार झाली, आणि इटालियन लोकांनी लांबच्या वेगवान प्रवासाच्या गाडीला 'ग्रान तुरिस्मो' म्हणायला सुरुवात केली. १९५१ ची लान्चिया ऑरेलिया बी२० जी.टी. ही आधुनिक जी.टी.ची आजी समजली जाते. इंजिन फक्त दोन लिटरचं, पण त्याच वर्षी मिले मिल्या शर्यतीत तिने दुसरा नंबर काढला.

इंग्लंडात १९५२ साली बेंटलीने आर-टाइप कॉन्टिनेंटल आणली. चार मोठी माणसं, त्यांचं सामान, आणि ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेग. गंमत म्हणजे अडचण इंजिनाची नव्हतीच, टायरची होती. त्या काळचे टायर एवढ्या जड गाडीखाली एवढा वेग फार वेळ सोसू शकत नव्हते. म्हणून बॉडी ॲल्युमिनियमची केली, सीटसुद्धा हलक्या बसवल्या. सगळ्या मिळून जेमतेम २०८ गाड्या बनल्या. म्हणजे बघा, जी.टी.मध्ये मागच्या दोन सीट ही तडजोड नव्हती. चौघांनी मिळून लांब जायचं हीच मूळ कल्पना होती.

मग या सीटांनी गाडीची किंमत कशी काय पाडली? त्यासाठी इटलीत जायला हवं.

१९६० मध्ये फेरारीने २५० जी.टी.ई. आणली. त्यांची ही पहिली चार सीटची गाडी जी खऱ्या अर्थाने संख्येने बनली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटरच ठेवलं आणि इंजिन पुढे सरकवून मागे जागा काढली. तीन लिटरचं १२ सिलिंडरचं इंजिन. १९६३ पर्यंत साडेनऊशेच्या आसपास गाड्या बनल्या आणि फेरारीला त्यातून चांगला पैसा मिळाला. रोमच्या पोलिसांकडेसुद्धा एक काळी २५० जी.टी.ई. होती, चोरांचा पाठलाग करायला.

पुढे मात्र वाईट झालं. गाडी जुनी झाली तशी तिला भाव उरला नाही. फेरारी घेणाऱ्याला 'शर्यतीची' फेरारी हवी असायची, आणि मागे मुलांच्या सीट असलेली गाडी म्हणजे संसारी माणसाची गाडी. त्याच काळात तिची चुलत बहीण, २५० जी.टी.ओ., आभाळाला भिडली. जी.टी.ओ. फक्त ३६ बनल्या. २०१८ मध्ये त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. खरी जी.टी.ओ. मिळणं अशक्य, पण इंजिन एकाच घराण्यातलं. मग लोकांनी काय केलं? स्वस्तात जी.टी.ई. घ्यायची, बॉडी कापून फेकायची, चासी आखूड करायची आणि वर जी.टी.ओ.सारखा पत्रा चढवायचा. धडधाकट गाड्या अशा कापल्या गेल्या. अख्ख्या गाडीपेक्षा तिच्या आतल्या इंजिनाला जास्त किंमत आली की हेच होतं. आपल्याकडे जुन्या वाड्याचं सागवान वाड्यापेक्षा महाग होतं, तसंच.

दुसरी गोष्ट माझ्या घरापासून वीस मिनिटांवरची. वेस्ट ब्रॉमिच. इथे जेन्सनचा कारखाना होता. १९६६ मध्ये त्यांनी इंटरसेप्टर काढली. रेखाटन मिलानचं, इंजिन अमेरिकेतल्या क्रायस्लरचं ६.३ लिटरचं व्ही८, मागे प्रचंड वाकडी काच. सोबत तिची एक आवृत्ती होती, एफ.एफ. नावाची. तिच्यात फोर-व्हील ड्राइव्ह आणि विमानांच्या ब्रेकवरून घेतलेली, चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा. १९६६ मध्ये! आज साध्या गाडीत जे ए.बी.एस. आपण गृहीत धरतो, ते. फक्त ३२० बनल्या. (ओळखायची खूण: पुढच्या चाकामागे हवेच्या फटी एकाऐवजी दोन.)

मग ऑक्टोबर १९७३ आलं. तेल तीन-चार महिन्यांत जवळपास चौपट महाग झालं. डिसेंबरमध्ये ब्रिटन सरकारने काही काळ ताशी ५० मैलांची मर्यादा घातली. सव्वासहा लिटरची गाडी ५० च्या स्पीडने चालवायची म्हणजे घरगुती फॅनला डिझेलचं इंजिन लावण्यासारखं. जेन्सन १९७६ मध्ये बंद पडली. पण माझ्यासारख्याला महत्त्वाचं ते पुढचं. नवी घेणारा नाहीसा झाला, की जुनी मातीमोल होते. मातीमोल झाली, की ती अशा माणसाकडे जाते ज्याला ती विकत घेणं परवडतं, पण सांभाळणं परवडत नाही. इंटरसेप्टरचं इंजिन दणकट, पार्टही मिळतात. तिला खाल्लं ते गंजाने. गंज एका पावसाळ्यात लागत नाही, दहा वर्षं कोणी लक्ष दिलं नाही की लागतो.

तिसरी गोष्ट आपल्या धंद्यातल्या लोकांना लगेच कळेल. १९६८ मध्ये फ्रान्सच्या सिट्रोएनने इटलीची मासेराती ताब्यात घेतली आणि १९७० मध्ये सिट्रोएन एस.एम. आली. मासेरातीचं व्ही६ इंजिन आणि सिट्रोएनचं हायड्रॉलिक्स: सस्पेन्शन, ब्रेक, स्टिअरिंग सगळं दाबाखालच्या तेलावर. दोन्ही मॉड्यूल आपापल्या जागी उत्तम. इंटिग्रेशन मात्र... सिट्रोएनच्या मॅकेनिकला मासेरातीचं इंजिन कळेना, मासेरातीवाल्याला हायड्रॉलिक्स कळेना. इंजिनातल्या टायमिंग चेनकडे वेळेवर बघावं लागे, ते बघितलं गेलं नाही की इंजिन जायचं आणि नाव गाडीचं बद्दू व्हायचं. १२,९२० गाड्यांनंतर १९७५ मध्ये उत्पादन थांबलं. आज ज्या एस.एम. चांगल्या चालतात, त्या दोन्ही बाजू समजणाऱ्या एखाद्या वेड्या माणसाच्या हाताखालून गेलेल्या आहेत. लेगसी कोडसारखंच. कोड वाईट नसतो, लिहिणारा सोडून गेलेला असतो.

आता बेंटलीकडे परत येतो. १९९८ मध्ये फोक्सवॅगनने बेंटली घेतली, आणि कॉन्टिनेंटल जी.टी. त्यांच्या फेटन या गाडीच्या पायावर उभी राहिली. वजन जवळपास २.४ टन, बॉनेटखाली बोट घालायला जागा नाही. बऱ्याच कामांना इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि त्याची मजुरी गाडीची आजची किंमत बघून ठरत नाही. बायकोच्या प्रश्नाचं उत्तर हे. गाडीची किंमत उतरते, देखभालीची उतरत नाही. जी स्वस्ताई दिसते, ती म्हणजे पुढच्या काही वर्षांची बिलं आधीच वजा केलेली असतात. २५० जी.टी.ई., इंटरसेप्टर, एस.एम., सगळ्या याच उतारावरून गेल्या.

जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये सेकंडहँड गाड्यांवर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि मग चांगली गाडी असणारा विकायला येतच नाही. तीन जर्नलनी हा निबंध नाकारला होता. २००१ मध्ये अकरलॉफना नोबेल मिळालं. आमच्या बाबांनी नाशिकला जुनी पद्मिनी घेताना हेच एका वाक्यात सांगितलं होतं: गाडी नको बघू, मालक बघ.

मालक बघायचा कसा? कागदांतून. ब्रिटनमध्ये गाडीची दरवर्षी एम.ओ.टी. तपासणी होते आणि २००५ पासूनचे निकाल नंबर टाकला की कोणालाही फुकट दिसतात. किती मैल झाले, कशात नापास झाली, काय सुचवलं होतं, सगळं. ४० वर्षांहून जुन्या गाडीला बहुतेक वेळा ही तपासणी माफ असते. तेव्हा इंटरसेप्टर घेणाऱ्याने खूश होऊ नये, उलट जास्त जपून राहावं. आणखी एक बारीक गोष्ट: २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेल्या जास्त धूर सोडणाऱ्या गाडीला रोड टॅक्स बराच कमी पडतो. गाडी तीच, टॅक्स तारखेवरून.

मागच्या शनिवारी चौघं मिळून ती बेंटली बघायला गेलो. मुलं मागच्या सीटवर जाऊन बसली ती उतरायलाच तयार नव्हती. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे झोपता येतं!" विकणाऱ्याने जाडजूड फाइल पुढे केली. पहिली अकरा वर्षं एकाच माणसाची, पावती न् पावती लावलेली. २०१६ नंतर मालक बदलला आणि पुढे फाइल कोरी. एकही बिल नाही. एम.ओ.टी.च्या नोंदीत पुढच्या चार वर्षांत गाडी मिळून हजार मैलसुद्धा चालली नव्हती. विचारलं तर म्हणाला, "थोडीशीच वापरली हो, चांगलंच आहे ना?" उभी राहिलेली गाडी चांगली नसते, एवढं आता मला कळत होतं.

परतताना कोणी फारसं बोललं नाही. मुलगा रुसला होता. मग बायकोच म्हणाली, "त्या पहिल्या माणसाकडूनच घ्यायला हवी होती."

तेच. म्हणून शोध चालू आहे, पण आता मॉडेल शोधत नाहीये. अकरा वर्षं पावत्या लावणारा माणूस शोधतोय, जो अजून विकायचा विचार करतोय. अकरलॉफच्या हिशेबाने तो सापडणं अवघड आहे. घराच्या खोलीचे पैसे तोपर्यंत बँकेत आहेत. असो. पुढच्या वीकेंडला भेटूच.