निजाम वारले तेव्हा

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारले. मी तेव्हा कंधारला सातवीत होतो. शुक्रवार होता. देशात चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीचे निकाल लागत होते आणि चौकातल्या हॉटेलात रेडिओभोवती गर्दी जमली होती ती मतांचे आकडे ऐकायला. त्यातच ही बातमी आली. एक म्हातारे गृहस्थ डोक्यावरचा रुमाल काढून क्षणभर उभे राहिले. दुसरा कोणी म्हणाला, "बरं झालं." बाकीच्यांनी पुढचे आकडे लक्ष देऊन ऐकले. आमच्या शेजारचे शिलाईकाम करणारे चाचा दुपारनंतर मशीनवर बसले नाहीत.

घरी येऊन मी आजीला सांगितले. ती जात्यापाशी होती. म्हणाली, "मेला का? मरू द्या बापा. आपल्या गावचा जमादार मेला, तव्हा म्या गूळ वाटला हुता."

हे वाक्य मला पुढे फार वेळा आठवले. तिच्या लेखी निजाम म्हणजे दूरचे नाव. त्यांचा चेहरासुद्धा तिने पाहिला नव्हता. हाली शिक्क्याच्या रुपयावर चारमिनार असे, राजाचा मुखवटा नसे. जुलूम तिने पाहिला होता तो जमादाराचा, लेव्हीच्या कारकुनाचा आणि शेवटी रजाकारांचा.

आजच्या तरुण श्रोत्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. १९३७ साली अमेरिकेतल्या 'टाइम' साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले आणि जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचा बोलबाला झाला. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले पाच मराठी जिल्हे त्यांच्या राज्यात होते. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्यांच्या काळात उस्मानिया विद्यापीठ निघाले, निजामसागर धरण झाले, हे खरेच आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच राज्यात गश्ती नंबर ५३ नावाचा हुकूम होता. त्यामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. कोर्टकचेरीची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्याने आपल्याच जमिनीचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, मग अंगठा उठवायचा! अशा राजवटीला हुकूमशाही म्हणावे की जुनी सरंजामशाही, यावर विद्वानांनी वाद घालावा. ज्याचा अंगठा लागला त्याला त्याने फरक पडत नव्हता.

१९३८ साली वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठातली मुले काढून टाकली गेली. पुष्कळ जण नागपूरला जाऊन शिकले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. खरा कडेलोट मात्र १५ ऑगस्ट १९४७ नंतरच्या तेरा महिन्यांत झाला. देश स्वतंत्र झाला आणि आम्ही मागे राहिलो. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने हाक दिली. लोकांनी शिंदीची झाडे तोडली, करोडगिरीचे नाके मोडले, लेव्हीचे धान्य द्यायचे नाकारले. आमच्या भागात ज्वारी पेवात दडवून वरून जमीन सारवून घेत. शोध घ्यायला आलेले लोक लोखंडी गज खुपसून पाहत. ३० जानेवारी १९४८ रोजी आपल्या जिल्ह्यातली उमरीची बँक लढ्यासाठी लुटली गेली. त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींचा खून झाला. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीचे नाव घेतले, की जुनी माणसे अजून आवाज खाली आणतात. त्याआधी, १९४६ साली, बिलोली तालुक्यात अर्जापूरजवळ गोविंदराव पानसरे मारले गेले होते.

माझे वडील त्या वर्षी हद्द ओलांडून वऱ्हाडात उमरखेडच्या कॅम्पवर गेले होते. निजाम वारले त्या रात्री ते काहीच बोलले नाहीत. कंदिलाची काच पुसत बसले होते, एवढे आठवते.

आता प्रश्न असा, की जिच्याविरुद्ध एवढे झाले, त्या राजवटीचा धनी मेला तेव्हा मराठवाडा गप्प का राहिला? हैदराबादेत तर अंत्ययात्रेला अफाट गर्दी लोटली. मक्का मशिदीत नमाज झाली, किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत दफन झाले. १९५३ साली स्टालिन वारला तेव्हा मॉस्कोत लोक इतके लोटले की चेंगराचेंगरीत माणसे मेली, आणि त्या गर्दीत ज्यांच्या घरचे माणूस तुरुंगात गेले होते असेही असणार. मोठ्या सत्ताधीशाच्या मरणाला रडणारा नेहमीच त्याच्या प्रेमातला असतो असे नाही.

आपल्याकडे गोष्ट जरा वेगळी झाली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा निघाल्या आणि १७ सप्टेंबरला निजामांनी स्वतः डेक्कन रेडिओवरून शरणागती सांगितली. नंतर त्यांना शिक्षा तर सोडाच, २६ जानेवारी १९५० पासून ते हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले, ते १९५६ साली राज्याचे तुकडे होईपर्यंत. ज्यांच्याविरुद्ध तुरुंगात गेलो त्यांच्याच नावाने सरकारी कागद निघताना आमच्या वडिलांच्या पिढीने पाहिले. दिल्लीला शांतता हवी होती, म्हणून हे केले असेल. पण त्यामुळे सगळा दोष एका माणसाच्या डोक्यावर गेला: लातूरचा वकील कासीम रझवी. तो त्याला शोभणाराही होता. त्याच्या रजाकारांनी हिंदू गावे जाळली, आणि भारतात सामील व्हा असे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान हे मुसलमानच असूनही ऑगस्ट १९४८ मध्ये मारले गेले. रझवी १९५७ साली येरवड्यातून सुटला, पाकिस्तानात गेला आणि १५ जानेवारी १९७० रोजी कराचीत वारला. त्याच्या मरणाची बातमी कंधारला कोणी वाचल्याचे मला आठवत नाही. शिवी मात्र शिल्लक राहिली. दांडगाई करणाऱ्याला आपल्याकडे आजही म्हणतात, "काय रजाकारी लावलीस?"

आता चाचांविषयी. त्यांचा थोरला भाऊ लातुरात राहत होता. १९४८ च्या सप्टेंबरनंतर त्याचा पत्ता लागला नाही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती त्या वर्षअखेर इकडे पाठवली होती. तिच्या अहवालाप्रमाणे पोलिस कारवाईच्या वेळी आणि नंतर सर्वांत जास्त झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना बसली. तिथे निदान १८,००० माणसे मेली असा तिचा अंदाज आहे. लातूर रझवीचे गाव, म्हणून राग तिथे उतरला. तिथल्या सुमारे १०,००० मुसलमानांपैकी समितीला जेमतेम ३,००० सापडले. हजाराहून अधिक मेले होते, बाकीचे पळाले होते. हा अहवाल लोकांना वाचायला मिळाला २०१३ साली. चाचा तोवर नव्हते.

१७ सप्टेंबरच्या भाषणांत हा भाग येत नाही. मी शिक्षक होतो तेव्हा मीही झेंड्याखाली उभा राहून तीच भाषणे ऐकली. मुक्तिसंग्रामाचा मला अभिमान आहे आणि माझ्या घरात त्याचा वारसा आहे. त्याच अधिकाराने म्हणतो, की पेवात ज्वारी दडवणाऱ्या बायका आणि लातुरातून पळालेले शिंपी एकाच हिवाळ्यातले आहेत. पुढे १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांची पेन्शन आली आणि आठवणींना दाखले जोडावे लागले. कॅम्पवर भाकरी पोचवणाऱ्या बाईकडे कसला दाखला असणार?

१९७८ साली प्रौढ शिक्षणाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा मी रात्री कंदील लावून शिकवायला जात असे. रजिस्टरात वय लिहावे लागे. कोणालाच जन्मतारीख माहीत नसे. मग विचारायचे, तुम्ही कधी जन्मलात? काही म्हणत, "रजाकारीत, गुर्जी." काही म्हणत, "ॲक्शनमध्ये." पहिले उत्तर बहुतेक हिंदू घरांतून येई, दुसरे मुसलमान घरांतून. मी दोघांपुढेही १९४८ लिहीत असे आणि पुढच्या माणसाला बोलवीत असे.