विद्युत् मोटारगाडीचे घरगुती भारण

विद्युत् मोटारगाडीचे घरगुती भारण : विद्युत् मोटारगाडीतील संचायक घटमालेत (बॅटरीत) मालकाच्या राहत्या घरच्या वीजपुरवठ्यातून ऊर्जा साठविण्याची क्रिया. व्यवहारात तिला चार्जिंग म्हणतात. पेट्रोलच्या गाडीला इंधनासाठी पंपावर जावे लागते. विद्युत् गाडी मात्र जेथे रात्रभर उभी असते, तेथेच भारित करता येते. त्यामुळे मालकाने घरी स्वतंत्र भारण केंद्र उभारावे किंवा नाही, हा प्रश्न या वाहनाइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर गाडीच्या रचनेपेक्षा घरातील वीज व घराभोवतालची जागा यांवर अधिक अवलंबून राहिले आहे. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन हे गाव या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. कारण स्वतंत्र आवार असलेली घरे, दुरून मोटारीने येणारे पर्यटक आणि वादळाने खंडित होणारा वीजपुरवठा या तिन्ही गोष्टी तेथे एकत्र आढळतात.

प्रारंभीचा काळ : गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८५९ मध्ये शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये त्यात सुधारणा केली व त्याच वर्षी ग्यूस्ताव्ह त्रूव्हे यांनी पॅरिसमध्ये विजेवर चालणारी तीनचाकी गाडी चालवून दाखविली. १९०० साली अमेरिकेत तयार झालेल्या मोटारगाड्यांपैकी सु. २८ टक्के विद्युत् गाड्या होत्या. त्या आवाज व धूर करीत नसत आणि हाताने दांडा फिरवून एंजिन सुरू करण्याचे कष्ट त्यांत नसत.

त्या काळी घरी भारण करणे मात्र सोपे नव्हते. १९१० च्या सुमारासही अमेरिकेतील बहुसंख्य घरांत वीज पोहोचलेली नव्हती. जेथे ती होती, तेथे अनेकदा प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह मिळे. घटमालेला तर एकदिश प्रवाह लागतो. म्हणून मोटारखान्यात मोटर-जनित्र संच किंवा एकदिशकारक (प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे साधन) बसवावा लागे. पीटर कूपर ह्यूइट यांनी १९०२ मध्ये शोधलेला पारा-प्रज्योत एकदिशकारक याच कामासाठी घरगुती मोटारखान्यांतून वापरात आला. या साधनाची किंमत व निगा, घटातील पाण्याची पातळी राखणे, भारण होताना निघणाऱ्या हायड्रोजन वायूसाठी हवा खेळती ठेवणे हे सर्व मालकावर पडे. ज्यांना हे शक्य नव्हते, ते गाडी सार्वजनिक मोटारखान्यात ठेवीत. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे तर वीज कंपनीने भारित घटमाला बदलून देण्याची सेवा चालविली होती. तात्पर्य, त्या काळी घरी भारण करावयाचे, तर बहुधा स्वतंत्र यंत्रणा आवश्यकच होती व ती धनिकांनाच परवडे. स्वस्त पेट्रोल गाड्यांचा प्रसार आणि १९१२ पासून कॅडिलॅक गाडीत आलेला विद्युत् आरंभक यांमुळे हे वाहन मागे पडले. डिट्रॉइट इलेक्ट्रिक या सुप्रसिद्ध गाडीचे उत्पादन १९३९ मध्ये थांबले.

पुनरुज्जीवन : कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये प्रदूषणरहित वाहनांविषयी नियम केल्यावर जनरल मोटर्स कंपनीने १९९६ मध्ये ‘ईव्ही-१’ ही गाडी भाडेपट्ट्याने दिली. तिच्या नेहमीच्या भारणासाठी प्रवर्तन तत्त्वावर (धातूचा थेट संपर्क न होता चुंबकीय क्षेत्राद्वारे) चालणारा सु. ६·६ किवॉ. क्षमतेचा खास भारक घरी बसविला जाई. २००१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा-संसाधन मंडळाने थेट विद्युत् संपर्काची पद्धत प्रमाण ठरविली आणि २००३ मध्ये गाड्या परत घेण्यात आल्या. विशिष्ट गाडीसाठी उभारलेले घरगुती केंद्र गाडीपाठोपाठ निरुपयोगी ठरते, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

दरम्यान १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आला व शक्ति-इलेक्ट्रॉनिकी साधने लहान व स्वस्त झाली. परिणामी एकदिशकारक भिंतीवरून उतरून गाडीतच गेला. भिंतीवर टांगलेल्या ज्या पेटीस सामान्यतः भारक म्हणतात, ती प्रत्यावर्ती प्रवाहाच्या बाबतीत खरे तर नियंत्रित व सुरक्षित जोडणी देणारी पेटी असते. प्रवाहाचे रूपांतर गाडीतील भारक करतो. घटमालेला थेट एकदिश प्रवाह देणारी जलद भारण यंत्रणा निराळी असून ती घरगुती वापराच्या आवाक्याबाहेरची आहे.

भारतातील स्थिती : बंगलोर येथे तयार झालेली ‘रेवा’ ही लहान गाडी २००१ मध्ये विक्रीस आली. शिसे-अम्ल घटमालेवर ती सु. ८० किमी. जाई व घरातील १५ अँपिअरच्या साध्या खोबणीतून (सॉकेटमधून) सु. आठ तासांत भारित होई. म्हणजे भारतीय मालकाने आरंभापासूनच स्वतंत्र केंद्रावाचून घरी भारण केले. टाटा मोटर्सची ३०·२ किवॉ. तास क्षमतेची ‘नेक्सॉन ईव्ही’ २०२० मध्ये आली, तीही १५ अँपिअरच्या जोडणीवर चालू शके. २०२२ मधील ४०·५ किवॉ. तासांच्या प्रकारात ७·२ किवॉ.च्या भारकाचा पर्याय आला आणि भिंतीवरील पेटीची मागणी वाढली. कॅलिफोर्नियातील अनुभवाची पुनरावृत्ती भारतातही काही अंशी झाली. २०१७ नंतर उभारलेली ‘भारत डीसी-००१’ पद्धतीची सार्वजनिक केंद्रे पुढे आलेल्या उच्च व्होल्टताच्या गाड्यांस उपयोगी पडली नाहीत.

विजेवरील वाहनाचे भारण म्हणजे विजेची विक्री नव्हे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमधील मार्गदर्शक सूत्रांत निवासस्थानी खाजगी भारणास मुभा देण्यात आली, तर जानेवारी २०२२ च्या सूत्रांत ते विद्यमान वीजजोडणीवरून करता येईल, असे स्पष्ट झाले. महाराष्ट्र शासनाच्या २०२१ च्या विद्युत् वाहन धोरणात खाजगी भारण सुविधा उभारणाऱ्या निवासी मालकांस मालमत्ता करात सवलत देण्यास स्थानिक संस्थांना उत्तेजन देण्याचे ठरले. तथापि ज्यास स्वतःची वाहन उभी करण्याची जागा आहे, त्यालाच या तरतुदींचा लाभ सुलभतेने होतो. मुंबई-पुण्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांत मीटरपासून वाहनतळापर्यंत तार नेण्याची संमती हीच मोठी अडचण ठरते.

श्रीवर्धन परिसर : श्रीवर्धन १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे हे मूळ गाव, तसेच येथील रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. जिल्ह्याचा विजेशी संबंध जुना आहे. खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) व भिरा (१९२७) ही टाटांची तिन्ही जलविद्युत् केंद्रे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील होत. परंतु त्यांची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. किनाऱ्यावरील गावांना ती फार उशिरा मिळाली. ग्रामीण विद्युतीकरणाचा खरा विस्तार १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ स्थापन झाल्यानंतरचा होय. २००५ मधील विभाजनानंतर वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. आपल्याच जिल्ह्यात निर्माण होणारी वीज घरापर्यंत न पोहोचण्याचा हा इतिहास पाहता, वाहनासारखी दैनंदिन गरज एकाच तारेवर सोपविताना किनाऱ्यावरील मनुष्याने साशंक असावे, हे स्वाभाविक आहे.

गरजेचे मान : मध्यम आकाराची विद्युत् गाडी एका युनिटमध्ये (किवॉ. तासात) साधारणपणे सहा ते सात किमी. जाते. १५-१६ अँपिअरच्या खोबणीतून सु. ३ किवॉ. शक्ती मिळते, म्हणजे तासाभराच्या भारणात सु. २० किमी.ची बेगमी होते. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरला जाऊन येण्यास (सु. ४० किमी.) दोन तासांचे भारण पुरते, माणगावच्या रेल्वे स्थानकावर जाऊन येण्यास (सु. ९० किमी.) साडेचार ते पाच तासांचे. रात्री गाडी दहा तास उभी असते. यावरून येथील सामान्य मालकास स्वतंत्र केंद्राची गरज नाही, हे दिसून येते. ७·२ किवॉ.ची पेटी बसविल्यास वेळ निम्म्याहून कमी होतो; पण तिला सु. ३२ अँपिअर प्रवाह लागत असल्याने बहुधा मंजूर भार वाढवावा लागतो. झोपेत वाचलेल्या तासांचा मालकास उपयोग नसतो.

पर्यटकांच्या निवासगृहांची स्थिती वेगळी आहे. पुण्याहून ताम्हिणी घाटाने येणाऱ्यास सु. १६० किमी. अंतर कापावे लागते. लहान घटमालेच्या गाडीस परतीपूर्वी भारण अपरिहार्य ठरते. एक गाडी साध्या खोबणीतून आठ-नऊ तासांत सज्ज होते. चार गाड्या एकाच रात्री आल्या, तर मात्र १२ किवॉ. भार पडतो व तो घराच्या जुन्या तारांना पेलत नाही. येथे स्वतंत्र मीटर, भाराचे विभाजन आणि योग्य पेट्या असलेले केंद्र खरोखर आवश्यक होते. गरज ठरते ती एकाच वेळी भारित करावयाच्या गाड्यांची संख्या व हाताशी असलेला वेळ यांवरून.

सुरक्षितता : स्वतंत्र केंद्र नको, याचा अर्थ कोणतीही खोबणी चालेल असा नाही. इस्त्री किंवा पाण्याचा पंप थोडा वेळ चालतो. गाडी मात्र पूर्ण प्रवाह कित्येक तास सलग घेते. सैल जोडणी वा बारीक तार असल्यास ती तापून आग लागण्याचा धोका असतो. म्हणून मीटरपासून थेट आणलेली पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, तिच्यापुरता स्वयंचलित खंडक, गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन आणि उत्तम अर्थिंग या चार गोष्टी अनिवार्य समजाव्यात. किनाऱ्यावरील खाऱ्या दमट हवेने पितळी संपर्क गंजतात, तर जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी पडून अर्थिंग कमकुवत होते. त्यामुळे दरवर्षी पावसाळ्यापूर्वी दोहोंची तपासणी इष्ट ठरते. खोबणी छपराखाली व जमिनीपासून उंच असावी. लांब जोडवायर अंगणातून ओढून भारण करणे धोक्याचे होय.

वादळ व वीजपुरवठा : ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११०–१२० किमी. वेगाच्या वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यातील नारळी-पोफळीच्या बागा जमीनदोस्त झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात राहिली. अशा वेळी भिंतीवरील पेटी कितीही उत्तम असली, तरी ती निरुपयोगी असते. पेट्रोल डब्यातून आणता येते, वीज आणता येत नाही. रुग्णास माणगावला नेण्याची वेळ आल्यास ही उणीव जीवावर बेतू शकते. उलटपक्षी पूर्ण भारित गाडी हा स्वतःच ऊर्जेचा साठा असतो. काही नव्या गाड्यांतून घरातील दिवे, पंखे यांना वीज घेता येते व ४० युनिटांचा साठा काटकसरीने बरेच दिवस पुरतो. यास्तव वादळाचा इशारा मिळताच घटमाला पूर्ण भरून घेणे, नंतर जोडणी काढून ठेवणे आणि गाडी भरतीच्या पाण्यापासून व माडांपासून दूर उभी करणे श्रेयस्कर ठरते. छपरावरील सौर पट्टांतून दर किवॉ.मागे दिवसाला सु. चार युनिट वीज मिळते. मात्र पावसाळ्यात हे प्रमाण बरेच घटते आणि संचायकाची जोड नसलेली नेहमीची संयंत्रे पुरवठा खंडित होताच आपोआप बंद पडतात.

मूल्यमापन : विसाव्या शतकाच्या आरंभी घरगुती केंद्र आवश्यक होते, कारण घरात योग्य प्रकारची वीज नव्हती. एकविसाव्या शतकात रूपांतराचे साधन गाडीत सामावल्याने ही गरज स्वतंत्र जागा, निर्दोष तार व भरवशाचा पुरवठा यांकडे सरकली आहे. श्रीवर्धनसारख्या गावी, आवार असलेल्या एका गाडीच्या मालकाने केंद्रावर खर्च करण्यापेक्षा तो घरातील तारा व अर्थिंग सुधारण्यावर करणे योग्य होय. निवासगृहे, अनेक गाड्या बाळगणारी कुटुंबे व दररोज लांबचा प्रवास करणारे व्यावसायिक यांना केंद्र उपयुक्त आहे. ज्यांना आवारच नाही, त्यांची गरज खाजगी केंद्राने भागणार नाही. ती सार्वजनिक सुविधेनेच भागवावी लागेल.