जबड्याचे एक हाड आणि भित्तिपत्रकावरची चूक

वाचन प्रेरणा दिनाला मी नववीच्या वर्गात मुस्लिम शास्त्रज्ञांविषयी बोललो. बोलण्याच्या भरात एक वाक्य ठोकून दिले, "रक्ताभिसरणाचा शोध हार्वेने नाही, त्याच्या जवळपास चारशे वर्षे आधी इब्ने नफीसने लावला." मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते वाक्य उर्दू आणि मराठीत शाळेच्या भित्तिपत्रकावर झळकले. खाली माझे नाव.

आठवड्याने एका मुलीने विचारले, "सर, माझ्या भावाच्या पुस्तकात हार्वेचं नाव आहे. मग पुस्तक चुकलं की भित्तिपत्रक?"

त्या संध्याकाळी मी नीट वाचले. हृदयाच्या उजव्या कप्प्यातले रक्त मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून डाव्या कप्प्यात झिरपते, असे ग्रीक वैद्य गॅलेन (अरबीत जालिनूस) याने लिहिले होते. इब्ने सीनाच्या 'कानून' या ग्रंथातील शरीररचनेच्या भागावर इब्ने नफीसने १२४२ मध्ये भाष्य लिहिले. त्यात त्याने बजावले की त्या पडद्याला छिद्रे नाहीत; रक्त फुप्फुसांतून फिरून डावीकडे येते. हा फार मोठा शोध. पण तो हृदय आणि फुप्फुस यांच्यामधल्या फेरीचा. तेच रक्त साऱ्या शरीरातून फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे हार्वेने १६२८ मध्ये दाखवले. म्हणजे माझे वाक्य अर्धे खरे होते, आणि अर्ध्या खऱ्यावर मी टाळ्या घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात त्या मुलीला गाठून म्हणालो, "तुझं बरोबर आहे." विषय संपला असे मला वाटले. भित्तिपत्रक मात्र तसेच राहिले.

मग वाचनात अब्दुल लतीफ बगदादी आला. जन्म ११६२, बगदादचा. वैद्य, भाषापंडित, पट्टीचा प्रवासी. १२०० ते १२०२ या काळात इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तो तिथेच होता. माणसे इतकी मेली की दफन करायला कोणी उरले नाही. कैरोजवळच्या मक्स येथे सांगाड्यांची टेकडी साचली आहे, हे कळल्यावर तो काही जणांना घेऊन तिकडे गेला.

गॅलेनच्या मते माणसाचा खालचा जबडा दोन हाडांचा, हनुवटीपाशी सांधलेला. हजार वर्षे वैद्य हेच शिकत होते. गॅलेनने चिरफाड केली ती मुख्यतः माकडे, डुकरे अशा प्राण्यांची. बगदादीने दोन हजारांहून अधिक कवट्या पाहिल्या. जबडा एकाच हाडाचा, ना सांधा ना शिवण. तेवढ्यावरही तो थांबला नाही. इतरांना आपल्यासमोर आणि आपल्या पाठीमागे तपासायला लावले. बूसीरच्या जुन्या दफनभूमीतली हाडेही पाहिली. उत्तर तेच आले. मग त्याने लिहिले की गॅलेन मोठा, काटेकोर आणि सावध माणूस. तरीही डोळ्यांची साक्ष त्याच्या शब्दापेक्षा अधिक विश्वासाची. उस्तादाचा अदब राखून उस्तादाची चूक सांगणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

पण पुढे काय झाले? ही दुरुस्ती त्याने लिहिली ती इजिप्तच्या वर्णनाच्या पुस्तकात. तिथल्या वनस्पती, प्राणी, जुन्या इमारती आणि दुष्काळ यांच्या हकिकतीत. वैद्यकीचा विद्यार्थी जे पुस्तक उघडून जबडा शिकत होता, तिथे जुनाच जबडा राहिला. १५४३ मध्ये व्हेसेलियसने युरोपात हीच चूक पुन्हा दाखवली, ती मात्र शरीररचनेच्याच ग्रंथात, चित्रांसह. इब्ने नफीसचेही काहीसे असेच. त्याचे ते पान जगाच्या नजरेत आले १९२४ मध्ये, ततावी नावाच्या एका इजिप्शियन डॉक्टरने बर्लिनमधले हस्तलिखित वाचले तेव्हा.

चूक सापडणे ही अर्धी गोष्ट. ज्याने चूक वाचली, त्याच्यापर्यंत दुरुस्ती पोहोचली तरच ती पुरी होते. हे मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे. पुस्तकाला, संकेतस्थळाला आणि माझ्यासारख्या भाषाशिक्षकालाही. गुपचूप खोडून टाकले, तर आधी वाचून गेलेल्याला कधी कळणार?

आणि आपल्या समाजाविषयी एक बोलतो. आपली तारीख शाळेच्या पुस्तकांत कमी येते, ही सल मलाही आहे. म्हणून आपण फॉरवर्ड पाठवतो, आणि त्यात जरा जास्तीचे घालतो. मग एखादे मूल ते जास्तीचे पकडते आणि खऱ्यावरचाही त्याचा विश्वास उडतो. इब्ने नफीसला माझ्या अतिशयोक्तीची गरज नव्हती. त्याने जे केले ते पुरेसे होते.

सोमवारी मी त्या मुलीला लाल खडू दिला. आधीच्याच जागी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, दोन्ही भाषांत तिने लिहिले: 'मागच्या आठवड्यात इथे सरांनी सांगितलेले चुकले होते. बरोबर असे आहे.' खाली इब्ने नफीस आणि हार्वे, दोघांचे काम दोन ओळींत. त्याखाली पुन्हा माझे नाव.

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मुले मात्र बराच वेळ तिथे उभी राहून वाचत होती.