हात थोडा हलला तर

व्हिडिओ दोन मिनिटं अकरा सेकंदांचा आहे. 2017 ची अनंत चतुर्दशी, लालबागची आमची चाळ, दुसऱ्या मजल्याची गॅलरी. खालून मिरवणूक चाललीय, ढोल-ताशाने माइक फाटलाय आणि चित्र सतत थरथरतंय. फोन माझा, पण शूटिंग आजोबांचं. मी खाली नाचत होतो. त्यांना तेव्हा कंपवात होऊन तीन वर्षं झाली होती.

आजोबा 2019 ला गेले, आजी पुढच्या वर्षी. मधल्या काळात मला नोकरी लागली ती नेमकी फोनच्या कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरची. माझ्या वाट्याला आलेलं काम म्हणजे व्हिडिओतली थरथर काढणं. त्यामुळे हा व्हिडिओ मी कधीतरी 'दुरुस्त' करणार, हे ठरल्यासारखंच होतं. ते करताना जे झालं ते सांगतोच, पण त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण हात आणि कॅमेरा यांचं भांडण आपल्याच गल्ल्यांमध्ये बरंच जुनं आहे.

7 जुलै 1896 ला काळाघोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलात ल्युमिएर बंधूंची 'हलती चित्रं' दाखवली गेली. तिकीट एक रुपया. त्यांचं यंत्र पाचेक किलोचं, लाकडी पेटीतलं. तोच कॅमेरा, तोच प्रिंटर, तोच प्रोजेक्टर. ही चित्रं बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि 1899 मध्ये हँगिंग गार्डनला लावलेली कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसाने भारतात केलेलं हे पहिल्या काही चित्रणांपैकी एक. फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली होती. आपण स्टोरी अपलोड व्हायला चार सेकंद लागले तर वैतागतो.

हे कॅमेरे हाताने चालायचे, पण हातात धरता यायचे नाहीत. एका हाताने हँडल फिरवायचं, तेही एकसारख्या गतीने, म्हणजे दुसऱ्या हातावर कॅमेरा पेलणं अशक्यच. म्हणून तिपाई. मला वाटायचं, जुन्या मूकपटांत कॅमेरा जागचा हलत नाही तो नाटकाच्या सवयीमुळे. तेही असेल. पण त्याचं एक कारण अगदी मेकॅनिकल आहे: हात कामात होता.

दादासाहेब फाळक्यांनी गिरगावात 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' बघितला आणि पुढच्या वर्षी, 1912 मध्ये, लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणला. दादरला, आज ज्या रस्त्याला त्यांचं नाव आहे त्याच भागात, त्यांचं बिऱ्हाड आणि कारखाना एकच होता. फिल्मच्या कडेला भोकं पाडायचं काम अंधारात सरस्वतीबाई करायच्या. चित्रपट करण्याआधी फाळक्यांनी एक छोटी फिल्म केली, वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची. कॅमेरा एका जागी ठेवून ठरावीक वेळाने एकेक चौकट घ्यायची. आपण ज्याला टाइमलॅप्स म्हणतो तेच. फोनवर त्यासाठी एक बटण असतं.

इथे मला हिशेब केल्याशिवाय राहवलं नाही. 35 मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात सोळा चौकटी बसतात. त्या काळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ चौकटी जायच्या. म्हणजे सेकंदाला दोन फेरे, सोळा चौकटी, एक फूट. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा. ढोबळमानाने साडेसात हजार फेरे, रिटेक सोडून. फाळक्यांनी कॅमेरा शिकवून तयार केलेले त्र्यंबक तेलंग हे त्याचे कॅमेरामन. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लोकांनी जे पाहिलं, त्याची गती एका मनगटाने ठरवलेली होती. मनगट दमलं की फेरा मंदावणार, कमी चौकटी जाणार, आणि पडद्यावर राजा घाईत चालणार. आजोबा आयुष्यभर गिरणीत साचेखात्यात होते. साच्याचा आवाज जरा बदलला की पाठ फिरवलेली असली तरी त्यांना कळायचं. मला वाटतं, तेलंगांचं काम त्यांना माझ्या कामापेक्षा लवकर समजलं असतं.

हाताची सुटका केली स्प्रिंगने. 1925 च्या सुमारास अमेरिकेत आयमो नावाचा कॅमेरा आला. घड्याळासारखी चावी द्यायची आणि उचलून पळायचं. एका वेळी शंभर फूट फिल्म, म्हणजे बोलपटाच्या गतीने जेमतेम एक मिनिट. युद्धाच्या बातमीदारांनी तो जगभर फिरवला. मग जर्मनीची अ‍ॅरीफ्लेक्स आली, बॅटरीवर चालणारी आणि लेन्समधून थेट बघता येणारी. तिचं पुढचं रूप, अ‍ॅरी टू-सी, आपल्या सिनेमाने कित्येक दशकं वापरलं. ती इतकी घरघरायची की संवाद नंतर डबच करावे लागायचे. परळला राजकमलसारखे स्टुडिओ होते. तिथे क्रेन होती, ट्रॉली होती, पॉलिश केलेली जमीन होती. कॅमेरा खांद्यावर घेऊन बाहेर पडायची गरज ज्यांच्याकडे हे काही नव्हतं त्यांना जास्त होती.

आणि चाळीत तर पर्यायच नाही. चार फुटी गॅलरीत ट्रॉलीचे रूळ टाकणार कुठे? मीरा नायरच्या 'सलाम बॉम्बे!'ची (1988) छायाचित्रकार सँडी सिसेल डॉक्युमेंटरीतून आलेली. शेवटी गणपतीच्या मिरवणुकीत कृष्णा आणि रेखा गर्दीत एकमेकांपासून तुटतात. ती गर्दी लांबून दिसत नाही, तुम्ही तिच्यात ढकलले जाता. दहा वर्षांनी 'सत्या' आला. जेरार्ड हूपर आणि मझहर कामरान यांचा कॅमेरा, आणि पुन्हा विसर्जन, यावेळी चौपाटीवर, हातात सुरा. गणपती आणि हातावरचा कॅमेरा यांचं काहीतरी आहे खरं. त्या गर्दीत तिपाईचे तीन पाय टेकवायला जागा मिळत नसेल, हे एक साधं उत्तर.

उलट टोकाचं उदाहरण आवर्जून बघा: चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. हीच मुंबई, पण कॅमेरा ठिय्या देऊन बसलेला. माणसं चौकटीतून निघून जातात तरी तो जागचा उठत नाही. 'सत्या' पाहून दमायला होतं, 'कोर्ट' पाहून गुदमरायला. मला दुसरं जास्त काळ पुरलं.

आता दुसरा हात, म्हणजे खेळणारा.

आमच्या घरी गेम बॉय कधी आला नाही. गल्फमधून कुणाचा तरी काका आणायचा ती गोष्ट. आमच्याकडे होता ब्रिक गेम, दादर स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून घेतलेला. खोक्यावर लिहिलेलं '9999 इन 1', प्रत्यक्षात मोजून दहा-बारा खेळ आणि त्यांच्याच हजारो पातळ्या. मुख्य खेळ टेट्रिसच. मॉस्कोच्या अलेक्सी पाझित्नोव्हने 1984 मध्ये केलेला. पडद्यावर दहा बाय वीस, दोनशे घरं. रंग नाही, दिवा नाही. गेम बॉय बनवणाऱ्या गुनपेई योकोईचं तत्त्वच होतं की जुनं, स्वस्त झालेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा. आमचा ब्रिक गेम म्हणजे त्या तत्त्वाची फुटपाथ आवृत्ती. मग बाबांच्या नोकियावर साप आला आणि ब्रिक गेम आजोबांकडे गेला.

ते त्यात भयंकर चांगले होते. पण 2014 नंतर त्यांचा अंगठा एकदा दाबला की बटण दोनदा लागायचं, ठोकळा जास्तीचा फिरायचा. ते चिडून म्हणायचे, "मशीन बिघडलंय रे." मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो. बटण दाबताना पत्रा उडून एकाऐवजी अनेक सिग्नल जातात, म्हणून काही मिलिसेकंदांतला दुसरा सिग्नल दुर्लक्षायचा असतो, त्याला डिबाउन्स म्हणतात, हे नुकतंच शिकलो होतो. त्यांना मी तेच सांगितलं, की हो, बटणं झिजलीत. दुसरं कारण आम्हा दोघांना माहीत होतं.

आजच्या फोनमध्ये गंमत अशी की दोन्ही हात एकाच चिपवर येऊन मिळतात. जायरोस्कोप फोन किती आणि कुठे वळला हे सेकंदाला शेकडो वेळा मोजतो. 2010 च्या आयफोन 4 पासून ही चिप फोनमध्ये रुळत गेली. पबजी खेळताना तुम्ही फोन किंचित कलवून नेम धरता, तो तिच्यामुळे. आणि व्हिडिओ काढताना सॉफ्टवेअर चित्र उलट्या दिशेने सरकवून हिसका मारून टाकतं, तेही तिच्यामुळेच. गेमला हाताची हालचाल म्हणजे हुकूम. कॅमेऱ्याला तीच हालचाल म्हणजे चूक. सेन्सर एक, आकडे तेच. कुठलं ॲप उघडलंय त्यावर ठरतं.

आजोबांच्या व्हिडिओसोबत जायरोची नोंद नव्हती, म्हणून मी चित्रातल्या ठिपक्यांचा माग काढून हालचाल शोधली. आलेख काढला. कंपवाताचा हात सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा हलतो, आणि आलेखात ते शिखर स्वच्छ उभं होतं, पाचच्या आसपास. त्याखालची संथ हालचाल, म्हणजे मूर्तीबरोबर डावीकडून उजवीकडे वळत जाणं, ती मुद्दाम केलेली. संथ ठेवायची, जलद काढायची. रोजचंच काम. अर्ध्या तासात मूर्ती तेलात सरकावी तशी सरकू लागली. आत्याला पाठवलं.

तिचा फोन आला. "छान झालाय रे. पण आई कुठे गेली?"

चित्र सरकवलं की कडेला रिकामी जागा उघडी पडते, म्हणून कडा कापून उरलेलं चित्र मोठं करतात. हात जितका जास्त हलतो तितकी जास्त कड जाते. मूळ व्हिडिओत डाव्या कडेला कठड्याशी आरतीचं ताट घेऊन आजी उभी होती, दंड आणि अर्धा चेहरा, एखादं मिनिट. आजोबांचा कॅमेरा मूर्तीवर होता पण एवढी जागा तिच्यासाठी सुटली होती. मुद्दाम की आपसूक, आलेखात ते दिसत नाही.

मग मी कापणं बंद करून पुन्हा चालवलं. आता मूर्ती स्थिर, गर्दी स्थिर, आजी स्थिर. आणि भोवतीची काळी चौकट सेकंदाला पाच वेळा थरथरते. आजी कधी पूर्ण दिसते, कधी तिच्यावर काळी पट्टी सरकते. आत्याने तोही बघितला. म्हणाली, "हे कडेला काळं काय हलतंय?"

मी म्हटलं, बाबांचा हात आहे तुझ्या.

तिने तोच ग्रुपवर टाकला. व्हॉट्सॲपने दाबून दाबून निम्मा केला, तरी हलताना दिसतो.